पहिल्या पायरीची तयारी



नांदेड आणि लातूर ही दोन शहरे आज महाराष्ट्रभर शिकवणी वर्गांसाठी ओळखली जातात. ‘लातूर पॅटर्न’ हा शब्द तर घरोघरी पोहोचला आहे. परंतु या भूमीला बलोपासनेचीही परंपरा आहे. नांदेडला हजूर साहिबच्या परिसरात गटक्याची कला आजही जोपासली जाते. लातूर जिल्ह्यातील रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार यांनी १९७० च्या एडिनबर्ग राष्ट्रकुल स्पर्धेत कुस्तीचे सुवर्णपदक मिळवले. याच भागातील मुले-मुली आता तायक्वांदोचा पांढरा गणवेश चढवून काळ्या पट्ट्याचे स्वप्न पाहत आहेत. ते स्वप्न नेमके कशाचे आहे, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

‘ते’ म्हणजे पाय, ‘क्वान’ म्हणजे मूठ आणि ‘दो’ म्हणजे मार्ग. कोरियात घडलेली ही विद्या २००० च्या सिडनी ऑलिम्पिकपासून पदकाचा खेळ झाली. काळ्या पट्ट्याच्या श्रेणीला ‘दान’ म्हणतात. युद्धकलांमध्ये ही पद्धत जपानच्या ज्युडोमधून आली. जिगोरो कानो यांनी ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ केली. पहिल्या श्रेणीचे जपानी नाव ‘शोदान’. त्यातील ‘शो’चा अर्थ आरंभ असा आहे. ज्याला आपण शिखर समजतो, त्याला ही विद्या पहिली पायरी मानते.

तिथपर्यंतची वाट मात्र दीर्घ आहे. पांढरा, पिवळा, हिरवा, निळा, लाल असे पट्टे ओलांडताना नियमित सराव असूनही साधारण तीन-चार वर्षे जातात. आठ ‘तेगुक’, म्हणजे ठरावीक क्रमाने करावयाच्या हालचालींचे आठ संच, अचूक यावे लागतात. जोडीदाराशी लढत आणि फळी फोडणे यांचीही तयारी हवी. फळी फोडताना केवळ ताकद कामी येत नाही. ऐन क्षणी मन कचरले की पायाची गती मंदावते, फळी शाबूत राहते आणि दुखापत मात्र पायाला होते. मनाची ही तयारी शेवटच्या महिन्यात घाईने होत नाही. ती रोजच्या सरावातूनच होते.

शरीराचेही तसेच. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो. तेव्हा सराव पहाटे किंवा सायंकाळी उशिरा असावा, पाणी वेळेवर प्यावे. ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, शेंगदाणे, दूध आणि चालत असल्यास अंडी हा आपला घरचा आहार पुरेसा सकस आहे. वाढत्या वयात वजन घटवण्यासाठी उपाशी राहणे सर्वथा टाळावे. गुडघा किंवा मांडीचा मागचा स्नायू दुखत असेल, तर चार दिवसांची विश्रांती हा कमकुवतपणा नव्हे.

पालकांनी दोन गोष्टी अवश्य पाहाव्यात. जागतिक मान्यतेची श्रेणी सेऊलमधील ‘कुक्कीवॉन’ ही संस्था देते. तिच्या प्रमाणपत्रावर क्रमांक असतो आणि तो पडताळून पाहता येतो. दुसरे म्हणजे, पंधरा वर्षांखालील मुलांना ‘दान’ नव्हे, तर ‘पूम’ ही श्रेणी मिळते. वय पूर्ण झाल्यावर तिचे ‘दान’मध्ये रूपांतर करता येते. त्यामुळे वर्षभरात काळा पट्टा देण्याचे आश्वासन कोणी देत असेल, तर पालकांनी सावध व्हावे. पट्टा बाजारात विकत मिळतो. त्यामागची वर्षे मिळत नाहीत.

आता खरी अडचण. पाचवीत सराव सुरू केलेली मुलगी आठवी-नववीत काळ्या पट्ट्याच्या उंबरठ्यावर येते आणि नेमक्या त्याच वेळी घरात ‘नीट’ची चर्चा सुरू होते. पहिला बंद होतो तो सराव. अभ्यास महत्त्वाचा आहेच, त्याविषयी दुमत नाही. परंतु आठवड्यातून तीन दिवस एकेक तास दिल्याने अभ्यास बुडत नाही. तो तास तोडल्याने मात्र चार वर्षांची साधना वाया जाते. चुकलेली हालचाल शंभरदा न कंटाळता करण्याची सवय, हरल्यावर प्रतिस्पर्ध्याला वाकून नमस्कार करण्याची वृत्ती, या गोष्टी दोन वर्षांच्या कठोर अभ्यासातही तिला आधार देतील. रात्री शिकवणीहून परतणाऱ्या मुलीची निर्भयता तर कोणत्याही गुणपत्रिकेत मोजता येत नाही.

बिराजदार पुढे पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत वस्ताद म्हणून उभे राहिले. बीड जिल्ह्यातील पाटोद्याचा राहुल आवारे त्यांचा शिष्य. २०११ मध्ये वस्ताद गेले. त्यानंतर लातूर जिल्ह्यातीलच काका पवार यांनी राहुलला घडवले. २०१८ मध्ये गोल्ड कोस्टला मिळालेले राष्ट्रकुल सुवर्णपदक राहुलने आपल्या दिवंगत गुरूंना अर्पण केले. शिष्याच्या हाती पदक आले, तेव्हा ते पाहायला गुरू नव्हते. तरीही त्यांचे श्रम फळाला आले होते. लाल मातीतले हे सूत्र तायक्वांदोच्या मॅटवरही तितकेच खरे आहे.

म्हणून पालकहो, मुलाला ‘पट्टा कधी मिळणार?’ असे विचारू नका. ‘आज काय सुधारले?’ एवढेच विचारा. आणि पट्टा मिळेल त्या दिवशी पेढे जरूर वाटा. मात्र दुसऱ्या दिवशी पहाटे त्याला पुन्हा सरावाला पाठवा.