मोटारीच्या सुकाणूची निवड

मोटार चालविणाऱ्याचा हात ज्या वस्तूवर प्रवासाच्या आरंभापासून अखेरपर्यंत असतो, ती वस्तु म्हणजे सुकाणूचें चाक होय. बोलण्यांत त्याला नुसतें ‘स्टिअरिंग’ म्हणण्याचा प्रघात आहे. आसनांचीं आवरणें, पायपुसणीं, दिवे इत्यादि वस्तू मालक हौसेनें बदलतो आणि त्याच हौसेनें पुष्कळदां हें चाकहि बदलतो. इतर वस्तूंची निवड फसली तर पैसे वायां जातात, एवढेंच. या एका वस्तूची निवड फसली तर हात, खांदे आणि प्रसंगीं प्राण यांवर बेततें. म्हणून बाजारांतून नवें चाक आणण्यापूर्वी चार गोष्टी समजून घेणें अगत्याचें आहे.

प्रारंभींच्या मोटारींना असें चाक नव्हतेंच. होडीच्या सुकाणूला असतो तसा एक दांडा चालकाच्या हातीं असे व तो डावीकडे-उजवीकडे ढकलून गाडी वळवावी लागे. १८९४ सालीं पॅरिस ते रूआँ अशी जी मोटारींची चढाओढ झाली, तींत आल्फ्रेद वाशेराँ या चालकानें आपल्या पानार गाडीला दांड्याच्या ऐवजीं चाक बसविलें होतें. गाड्यांचा वेग वाढूं लागला तसा दांड्याचा गैरसोईपणा उघड झाला आणि थोड्याच वर्षांत चाक सर्वमान्य झालें.

कारखान्यानें दिलेल्या चाकाच्या जागीं दुसऱ्या कारागिराचें चाक बसविण्याची आवड मुख्यतः शर्यतीच्या मैदानावरून सामान्य रस्त्यावर आली. इटलींत एन्रिको नार्डी यांचीं लांकडी कड्यांचीं चाकें १९५० नंतरच्या दशकांत नांवाजलीं. पुढें जानपिएरो मोरेत्ती या शर्यतपटूनें एका कारागिराकडून स्वतःच्या गाडीसाठीं जाड कड्याचें चाक करून घेतलें. तें जॉन सर्टीझ यांना पसंत पडलें आणि १९६४ सालीं तसल्याच चाकाची फेरारी चालवून त्यांनीं जागतिक अजिंक्यपद मिळविलें. ‘मोमो’ या नांवानें आज जगभर विकल्या जाणाऱ्या चाकांचा उगम हा असा आहे. मोरेत्तीनें चाक बदललें तें हाताला पकड चांगली यावी म्हणून. गाडी देखणी दिसावी म्हणून नव्हे. निवड करणाऱ्यानें हाच हेतु डोळ्यांपुढें ठेवावा.

पहिला प्रश्न असा कीं, गाडीच्या मूळ चाकाच्या मध्यभागीं हवेची पिशवी, म्हणजे ‘एअरबॅग’, आहे कीं नाहीं? भारतांत १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना चालकापुढील एअरबॅग सक्तीची झालेली आहे. त्यापूर्वींच्याहि पुष्कळ गाड्यांत ती असते. समोरून जबर धडक बसतांच ही पिशवी सेकंदाच्या विसाव्या भागाहूनहि कमी वेळांत फुगते आणि चालकाचें डोकें व छाती झेलते. बाजारांतील हौशी चाकांत बहुधा अशी पिशवी नसते. तेव्हां ज्या क्षणीं मूळ चाक निघालें, त्याच क्षणीं ही रक्षक वस्तुहि गाडींतून गेली असें समजावें. शिवाय मूळ चाकाच्या मागें चपट्या तारेचें एक वेटोळें असतें. त्यांतून एअरबॅगला व हॉर्नला वीज पोंचते. अर्धवट माहितीच्या माणसानें तेथें हात घातला तर पिशवी अवचित फुगून इजा होण्याचें भय असतें.

अशा गाडीच्या मालकानें चाक बदलूं नये, हें निःसंदिग्धपणें सांगितलें पाहिजे. कडें हाताला गुळगुळीत लागत असेल तर कुशल कारागिराकडून त्यावर कातडें घट्ट शिवून घ्यावें. मध्यावरील झांकणाला मात्र सुईदोरा, बिल्ला किंवा चिकटविण्याची शोभा यांचा स्पर्श होऊं देऊं नये. सैल आवरण तर मुळींच घालूं नये. कारण ऐन वळणावर आवरण फिरतें आणि चाक जागच्या जागीं राहतें.

मग चाक बदलण्याचा विचार कोणीं करावा? ज्यांच्या घरीं एअरबॅगच्या पूर्वकाळांतील गाडी जिव्हाळ्यानें सांभाळलेली आहे, त्यांनीं. मुंबईकरांना अशा वेळीं प्रथम आठवते ती प्रीमिअर पद्मिनी. इटलीच्या ‘फियाट ११०० डी’ या गाडीच्या आराखड्यावर १९६४ पासून कुर्ल्याच्या प्रीमिअर कारखान्यांत तयार झालेली ही गाडी पुढें पद्मिनी या नांवानें घरोघरीं परिचित झाली व कित्येक कुटुंबांची ती पहिली मोटार ठरली. तिची काळी-पिवळी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. तथापि खासगी मालकांनीं जपलेल्या पद्मिनी अजून अधूनमधून रस्त्यावर दिसतात. अशा गाडीचें मूळ चाक वर्षानुवर्षांच्या उन्हानें तडकतें, कडें खरखरीत होतें आणि तसलेंच दुसरें धड चाक मिळणें अवघड जातें. येथें बदल ही नुसती हौस राहत नाहीं, ती गरज होते. घरांतील तरुण मुलगा अशा वेळीं शर्यतीच्या गाडीसारखें लहानसें चाक आणूं पाहतो. गाडी चालविणारे मात्र सत्तरीकडे झुकलेले वडील असतात. या दोघांमधील वाद रुचीनें सुटावयाचा नाहीं. तो साध्या गणितानें सुटतो.

जात्याचा खुंटा वरच्या तळीच्या कडेला कां असतो, हें घरांतील आजीबाईंना विचारावें. तोच खुंटा मध्याच्या जवळ रोवला तर जातें तेंच, दळण तेंच, परंतु हात भरून येतात. सुकाणूच्या चाकाची गोष्ट याहून वेगळी नाहीं. समजा, मूळ चाकाचा व्यास ४०० मिलिमीटर आहे आणि त्याच्या जागीं ३५० मिलिमीटरचें चाक आणलें. चाक एक अष्टमांशानें लहान झालें. तें वळविण्यास लागणारें बळ मात्र एक सप्तमांशानें, म्हणजे शेंकडा १४ नें, वाढलें. ३३० मिलिमीटरचें आणलें तर ही वाढ शेंकडा २१ होते. ज्या गाडींत तेलाच्या दाबाची अगर विजेची मदत सुकाणूला मिळते, तेथें हा भार जाणवणार नाहीं. पद्मिनींत अशी मदत नाहीं. गाडी चालती असतां चाक हलकें वाटतें. परंतु चिंचोळ्या गल्लींत, दोन गाड्यांच्या मध्यें, जवळजवळ जागच्या जागीं पुढचीं चाकें वळवावयाचीं असतात, तेव्हां सर्व ओझें मनगटांवर व खांद्यांवर येतें. रुंद टायर घातलेले असल्यास तें आणखी वाढतें.

लहान चाकाचा दुसरा दोष सडकेवर दिसून येतो. हाताची थोडीशी हालचालहि गाडीला अधिक वळविते, आणि वेगांत असतां शिंक आली तरी गाडी बाजूला सरते. म्हणून मदत नसलेल्या गाडीला मूळ मापापेक्षां एक इंचाहून अधिक लहान चाक घेऊं नये. ४०० मिलिमीटरच्या चाकांत एका इंचाची घट केली तर बळ सुमारें शेंकडा ७ नें वाढतें; एवढें वडिलांनाहि सोसवेल आणि मुलाचीहि हौस पुरी होईल.

व्यास ठरल्यावर चाकाची खोली पाहावी. कांहीं चाकांत आरे सपाट असतात. कांहींत कडें तुंब्याच्या पुढें दोनतीन इंच चालकाकडे आलेलें असतें. पाठ आसनाला टेकवून हात लांब केला असतां मनगट कड्याच्या माथ्यावर सहज टेकावें, ही सोपी परीक्षा आहे. चाकाचा मध्य व छातीचें हाड यांत निदान १० इंच अंतर असावें, असा नियम एअरबॅगच्या गाड्यांसाठीं सांगितला जातो. पिशवी नसलेल्या गाडींत तर तें याहून अधिक असलेलें बरें. त्याचें कारण गंभीर आहे. जुन्या बांधणींत चाकापासून खालपर्यंत जाणारा दांडा अखंड असे आणि समोरच्या धडकेंत तो भाल्यासारखा चालकाच्या छातीकडे येई. धडकेसरशी दबून जाणारे दांडे अमेरिकेंत जनरल मोटर्सनें १९६७ च्या गाड्यांत घातले व १ जानेवारी १९६८ पासून तेथील सरकारनें तशा संरक्षणाचे नियमच केले. पद्मिनीचा आराखडा त्याआधींचा असल्यामुळें तींत ही सोय गृहीत धरूं नये. म्हणून मध्यभागीं रुंद व मऊ गादी असलेलें चाक पत्करावें. उघडे नट, टोंकदार बिल्ले आणि धारदार आरे असलेलें चाक कितीहि सुंदर असलें तरी दुकानांतच राहूं द्यावें. आसनाला पट्टा नसेल तर चाकाच्या आधीं त्याचा खर्च करावा.

त्याच वेळीं आरे वेगदर्शक कांट्याच्या आड येतात काय, मांड्या कड्याला घासतात काय, आणि वळणाच्या दिव्याची दांडी बोटांच्या टप्प्यांत राहते काय, हेंहि पाहावें. ज्या पद्मिनींत गिअरचा दांडा चाकाखालींच आहे, तींत बोटांची पेरें दोहोंच्या मध्यें सांपडत नाहींत ना, याची खात्री करून घ्यावी.

यानंतर जोडणीचा विचार येतो. बाजारांतील चाक गाडीवर सरळ बसत नाहीं. दोहोंच्या मध्यें एक धातूचा तुकडा लागतो, त्याला गॅरेजवाले ‘बॉस’ म्हणतात. त्याच्या आंतील दांते त्या त्या गाडीच्या दांड्यावरील दांत्यांशीं तंतोतंत जुळले पाहिजेत. कानशीनें घासून किंवा पत्र्याची पट्टी घालून जुळविलेला बॉस म्हणजे उघड उघड अपघाताला आमंत्रण होय. बॉसच्या बाहेरील भोंकेंहि सर्वत्र सारखीं नसतात. मोमो पद्धतींत सहा बोल्ट ७० मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर असतात, तर नार्डी पद्धतींत तेच सहा बोल्ट ७४ मिलिमीटरच्या वर्तुळावर असतात. चार मिलिमीटरांचा हा फरक डोळ्यांना दिसत नाहीं. म्हणून चाक व बॉस एकाच वेळीं, एकमेकांवर ठेवून विकत घ्यावे. बसवितांना पुढचीं चाकें सरळ ठेवावीं, दांड्यावर खूण करावी आणि मधला नट गाडीच्या पुस्तकांत दिलेल्या मापानें आवळावा. मग हॉर्न वाजतो काय आणि वळण संपल्यावर दिव्याची दांडी आपोआप परत येते काय, हें पाहून घ्यावें.

कड्याच्या पदार्थाविषयीं मतभेद पुष्कळ आहेत. पॉलिश केलेलें लांकूड फार देखणें दिसतें, परंतु घामेजलेल्या हातांत तें निसटतें. लव असलेलें कातडें पकडीला उत्तम, परंतु तें लवकर झिजून चकचकीत होतें. कोंकणपट्टीच्या दमट हवेंत तर कोणत्याहि कातड्याला पावसाळ्यांत बुरशी येते. कोरड्या फडक्यानें पुसण्याची संवय असेल त्यानेंच तें घ्यावें. एकंदरींत साधें, मध्यम जाडीचें, गुळगुळीत नसलेलें कातडें बहुतेकांना मानवतें. पोट बोटांना भिडेल इतपत जाडी पुरे. लहान हाताला जाड कडें जाचक होतें. नामांकित चाकांच्या नकला बाजारांत विपुल आहेत. अस्सल युरोपीय चाकाच्या पाठीवर बहुधा कर्त्याचें नांव आणि ‘केबीए’ या अक्षरांनीं सुरू होणारा जर्मन खात्याचा मान्यताक्रमांक उठविलेला असतो. तो आहे म्हणून निश्चिंत राहूं नये. आरे दोन्ही हातांनीं पिळून पाहावे, आणि जे लवतात किंवा कुरकुरतात ते नाकारावे.

कायद्याचीहि बाजू आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम गाडींत मनमानी फेरफार करण्यास प्रतिबंध करतें. म्हणून परिवहन कार्यालयांत व विमा कंपनीकडे आधीं विचारणा करणें शहाणपणाचें. १९८९ च्या केंद्रीय नियमांनीं सुकाणूच्या चाकांतील ढिलाई ३० अंशांहून अधिक असूं नये, असें घातलें आहे. ही ढिलाई आधीं मोजावी. ती अधिक असेल तर दोष चाकाचा नव्हे, खालच्या सांध्यांचा आहे. आणि सांधे तसेच ठेवून वर नवें चाक चढविणें म्हणजे गळक्या कौलांखालीं भिंतींना रंग देण्यासारखें आहे.

शेवटीं एक सूचना. काढलेलें मूळ चाक भंगारांत देऊं नये. कापडांत गुंडाळून माळ्यावर ठेवावें. नवें चाक महिनाभर वापरावें, आणि घरांत जे जे गाडी चालवितात त्या सर्वांना एकदां भर बाजारांत, एकदां घाटांत व एकदां रात्रीं तें चालवूं द्यावें. त्यांतील सर्वांत अशक्त हातालाहि तें जड वाटलें नाहीं, तरच निवड योग्य झाली असें समजावें.