हिशेबाची वही आणि 'कट्यार'



ठाण्याच्या मानपाडा परिसरातील नाट्यगृहाला डॉ. काशिनाथ घाणेकर यांचे नाव आहे. दंतवैद्य झालेला हा चिपळूणचा तरुण रंगभूमीकडे ओढला गेला आणि १९६२ साली 'रायगडाला जेव्हा जाग येते' या नाटकातील संभाजीच्या भूमिकेने घराघरांत पोहोचला. या पाटीखालून आत जाणाऱ्या, दिवसा कचेरीत आणि रात्री तालमीत रमणाऱ्या कितीतरी तरुणांच्या मनात एकच प्रश्न असतो : पोटाचा उद्योग सांभाळावा की मनाचा ध्यास? या प्रश्नाचे सर्वांत बोलके उत्तर संगीत रंगभूमीवर सापडते, ते डॉ. वसंतराव देशपांडे यांच्या आयुष्यात.

वसंतरावांचा जन्म २ मे १९२० चा, विदर्भातील मूर्तिजापूरचा. आईने त्यांना नागपुरात कष्टाने वाढवले. तो काळ नाटक मंडळ्यांचा होता. मास्टर दीनानाथ मंगेशकरांची 'बलवंत संगीत मंडळी' तेव्हा महाराष्ट्र गाजवीत होती. स्वातंत्र्यवीर सावरकरांचे 'संन्यस्त खड्ग' १९३१ साली रंगमंचावर आणले, ते याच मंडळीने. दीनानाथांच्या तेजस्वी, आक्रमक गायकीचा ठसा वसंतरावांवर बालवयातच उमटला, तो अखेरपर्यंत पुसला गेला नाही. नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे त्यांचे शिक्षण सुरू झाले. १९३५ च्या 'कालिया मर्दन' या चित्रपटात त्यांना कृष्णाची भूमिकाही मिळाली.

एवढ्या शुभशकुनानंतर मार्ग सरळ असावा, असे कोणालाही वाटेल. परंतु नियतीने त्यांच्या हाती दिली ती हिशेबाची वही. पुण्यातील लष्करी हिशेब खात्यात त्यांनी सुमारे दोन तपे नोकरी केली. दिवसभर आकडेमोड आणि उरलेल्या वेळी स्वरसाधना! लाहोरला असद अली खाँ, पुढे सुरेशबाबू माने, अमान अली खाँ, अंजनीबाई मालपेकर. जेथे विद्या मिळेल तेथे ते नम्रपणे बसले. मात्र कोणत्याही एका घराण्याचा शिक्का त्यांनी स्वतःवर मारून घेतला नाही. घराण्याच्या नावावर गायकाची पत ठरण्याच्या त्या काळात ही गोष्ट सोपी नव्हती. अखेर चाळिशी उलटल्यावर त्यांनी नोकरीचा त्याग केला. संसारी माणसाने हक्काचे वेतन सोडणे म्हणजे काय, हे येथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

२४ डिसेंबर १९६७ रोजी पुरुषोत्तम दारव्हेकर यांचे 'कट्यार काळजात घुसली' रंगभूमीवर आले. संगीत पंडित जितेंद्र अभिषेकींचे, निर्मिती प्रभाकर पणशीकरांच्या 'नाट्यसंपदे'ची. त्यातील खाँसाहेब वसंतरावांनी साकारले, तेव्हा ते सत्तेचाळीस वर्षांचे होते. नियतीचा खेळ पाहा! ज्याने सर्व घराण्यांची विद्या पचवूनही कोणतेच घराणे मिरवले नाही, त्याच्याच वाट्याला आपली गायकी प्राणपणाने जपणारा, परक्या शिष्याला तिचा कणही न देणारा कलावंत आला. खाँसाहेबांचा अहंकार आणि विद्येपुढे त्याचे होणारे विरघळणे प्रेक्षकांनी केवळ पाहिले नाही, ऐकलेही. कारण तेथे गाणे आणि अभिनय वेगळे उरलेच नव्हते. ती वर्षानुवर्षांची पुंजी होती.

३० जुलै १९८३ रोजी वसंतराव गेले. पुढे २०१० साली त्यांचे नातू राहुल देशपांडे यांनी हेच नाटक पुन्हा उभे केले, तर २०१५ मध्ये ते चित्रपटरूपाने नव्या पिढीपुढे आले.

मित्रहो, वसंतरावांचे चरित्र उद्याच राजीनामा द्या, असे सांगत नाही. नोकरीही ध्यासाचा बळी घेत नाही. बळी घेते ते साधनेत पडलेले खंड. हिशेबाची वही मिटल्यावर रोज तंबोरा जुळत राहिला, म्हणूनच 'कट्यार'ची हाक आली तेव्हा गळा सिद्ध होता. मानपाड्याच्या रंगमंचावर पाऊल ठेवू पाहणाऱ्याने आपल्या मनाला एवढेच विचारावे : हाक आज आली, तर आपण सिद्ध आहोत काय?