वाचनपीठाची पायरी



१९६३ सालीं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें उपासनेंत लोकभाषेस वाव दिला, आणि पुढें शास्त्रवाचनाचा मान आम्हां सामान्य जनांकडे आला. मान मोठा, पण पाय लटपटूं लागले! आम्हां वसईकरांच्या कित्येक घरांत सामवेदी बोली, हातीं ग्रंथ मात्र नागर मराठींतला. उच्चार अडखळला कीं मागील बांकांवर हंसूं फुटे. आमच्यांतील कांहीं जण ती पायरी पुन्हां चढलेच नाहींत.

मग शनिवारीं सायंकाळीं रिकाम्या मंदिरांत आम्ही जमूं लागलों. एकानें वाचावें, दुसऱ्यानें शेवटच्या बांकावर बसून, शब्द न पोंचल्यास हात वर करावा. ध्वनिक्षेपक बंद. (त्यानें आवाज वाढतो, धीर नाहीं.) संत पौलाचीं लांब वाक्यें श्वासाच्या जागीं पेन्सिलीनें तोडलीं, पहिलें वाक्य पाठच केलें, कारण कंप सुटतो तो तेथेंच. जड जिभेची सबब मोशेनेंही देवापुढें सांगितली होती. त्यास अहरोन मिळाला. आम्हांस तो शेवटच्या बांकावरचा हात मिळाला.

उद्यां महोत्सवी मिस्सेंत पहिलें वाचन, एकदां हंसूं झाल्यावर पायरी सोडलेली आमची एक भगिनी करणार आहे. मागील बांकांवरील मंडळींनीं हात तयार ठेवावे.