तिसऱ्या छिद्रातील अर्थ



ज्यांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्या आमच्या विज्ञानाच्या सरांनी मला शाळेत दिलेला एक धडा मला सत्तरी ओलांडल्यावर कळला. त्याची ही कबुली.

बडोद्यातील आमच्या जुन्या घरी वॉशिंग मशीन आले. "हात लागला की झिणझिण्या येतात," असे पत्नी सांगे. "हात ओले असतील," असे मी म्हणे. भिंतीत तीन छिद्रांचे सॉकेट होते. त्यामुळे मी निश्चिंत होतो. पंधरा दिवसांनी वायरमन आला. मेन स्विच बंद करून त्याने सॉकेट उघडले, तो वरच्या मोठ्या छिद्रामागे तारच नव्हती! यंत्रातील एका तारेचे आवरण झिजून ती पत्र्याला टेकली होती. पत्नीच्या पायांत रबरी चपला होत्या, म्हणून निभावले.

सरांनी फळ्यावर काढलेली आकृती तेव्हा आठवली. प्लगची वरची पिन लांब असते, म्हणून ती आधी जोडली जाते व शेवटी सुटते. जाड असते, म्हणून भलत्या छिद्रात शिरत नाही. तिची हिरवी तार यंत्राच्या पत्र्याला जोडलेली असते आणि सॉकेटमागची तार घराच्या अर्थिंगला. 230 व्होल्टची फेज पत्र्याला लागलीच, तर प्रवाहाला माणसाच्या देहापेक्षा सुकर वाट मिळते; तो एकदम वाढतो आणि फ्यूज वितळतो.

वायरमनने अर्थिंगपासून नवी तार ओढली. अशा ठिकाणी काही जण अर्थची पिन न्यूट्रलला जोडून वेळ मारून नेतात. पण न्यूट्रल तुटला की यंत्राच्या पत्र्यातच वीज उतरते, असे त्याने बजावले. 30 मिलिअँपिअरचे आर.सी.सी.बी.ही त्याने बसविले. प्रवाह गळू लागताच ते क्षणार्धात वीज तोडते. मात्र ते अर्थिंगच्या जोडीला असावे, त्याच्या जागी नव्हे.

शब्द आहेत पण अर्थ नाही, अशा उत्तरांवर मी आयुष्यभर लाल रेघ ओढली. माझ्याच भिंतीत छिद्र होते आणि अर्थ नव्हता, हे मात्र मला दिसले नाही. त्याहून मोठी चूक ही, की जिला झिणझिण्या येत होत्या तिचे मी ऐकले नाही.

मित्रहो, आपापल्या घरचे अर्थिंग जाणत्या वायरमनकडून तपासून घ्या. घरात कोणी तक्रार केली, तर आधी ते यंत्र बंद करा. सरांना याहून उचित आदरांजली मला सुचत नाही.