रझाकारांच्या आधीची चीड

१७ सप्टेंबर आला की सोनपेठच्या शाळांतही मुक्तिसंग्रामाची भाषणं होतात आणि बहुतेक भाषणं रझाकारांपासून सुरू होतात. त्यांचे अत्याचार खरेच. पण त्यांचा म्होरक्या कासीम रझवी, त्याचा जोर झाला तो १९४६ नंतर. लोकांची चीड त्याहून पुष्कळ जुनी होती.

गोदाकाठचा हा मुलूख हैदराबादच्या निजामाचा. निजाम मात्र १७९८ च्या तैनाती फौजेपासून इंग्रजांच्या आधाराने उभा. इंग्रजांनी त्याला ‘विश्वासू मित्र’ असा किताबच दिला होता! वर इंग्रज, मध्ये निजाम, त्याखाली जहागीरदार आणि देशमुख; सगळ्यांचा भार कुणबी-मजुरांवर. वेठीला नाही म्हणायची सोय नव्हती. दुसऱ्या महायुद्धात लेव्ही आली. घरात खायला उरो न उरो, ठरलेली ज्वारी सरकारात घालायची. माझ्या मते खेड्यातला माणूस सगळ्यात जास्त दुखावला तो इथेच. भाषणांनी जे झालं नसतं ते या लेव्हीने केलं.

शिकलेल्यांचं दुखणं वेगळं. पोर मराठी घरातलं, पण पुढचं शिक्षण उर्दूतून, कचेरीतला कागदही उर्दूत. खासगी शाळा काढायची तर परवानगी. सभा घ्यायची तरी परवानगी. त्यासाठी ‘गश्ती निशान ५३’ हे कुप्रसिद्ध परिपत्रक होतं. १९३७ साली शेजारच्या मुंबई इलाख्यात आणि वऱ्हाडात लोकांनी मतं देऊन आमदार निवडले. त्याच साली आपल्याकडे, तेव्हा परभणी जिल्ह्यात असलेल्या परतूरला, महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं. मागणं अगदी साधं होतं: नागरी हक्क आणि जबाबदार राज्यपद्धती. पुढच्याच वर्षी हेच मागणाऱ्या हैदराबाद स्टेट काँग्रेसवर बंदी आली. अर्ज करणाऱ्यांनाच सत्याग्रही करून सोडलं ते सरकारने.

मग जून १९४७ मध्ये निजामाने स्वतंत्र राहण्याचं जाहीर केलं. इंग्रज निघाले, तरी आपली सुटका नाही, हे लोकांना कळून चुकलं. स्टेट काँग्रेसचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांनी लढ्याची हाक दिली तेव्हा माणसं तयारच होती.

ती कशावर तुटून पडली, तेही पाहा. सरहद्दीवरच्या करोडगिरी नाक्यांवर, कारण तिथे जकात घेत. पटवाऱ्याच्या दप्तरांवर, कारण साऱ्याचे आणि लेव्हीचे आकडे तिथे. जंगल सत्याग्रहात शिंदीची झाडं तोडली, कारण शिंदीचा पैसा निजामाच्या खजिन्यात जाई. कुऱ्हाड कुठे घालायची, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही.