स्वप्नात भेटणारी माणसे
(वार्षिक मेळाव्यात रुग्णालय प्रशासकांनी केलेले भाषण)



आम्ही जमाखर्चाची माणसे. वैद्यकशास्त्रावर बोलण्याचा अधिकार आमचा नाही. तथापि कार्यालयाच्या खिडकीशी जे कानी पडते आणि त्याविषयी डॉक्टरांकडून जे समजून घेतले, ते आज आपणांपुढे ठेवीत आहोत.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १,७०,९२४ व्यक्तींनी आत्महत्या केली. त्यांपैकी २२,७४६ महाराष्ट्रातील होत्या. प्रत्येक आकड्यामागे एक घर असते. त्या घराचे पहिले तास पंचनामा, शवविच्छेदन आणि सह्या यांतच सरतात. रडायला सवड मिळते ती नंतर, रात्री. आणि मग स्वप्ने पडू लागतात. पुढे कागदपत्रांसाठी आलेले आप्त हलक्या आवाजात विचारतात, "साहेब, तो सारखा स्वप्नात येतो. त्याचे काही राहिले असेल का?"

गेलेले माणूस स्वप्नात दिसणे ही शोकातील अत्यंत स्वाभाविक गोष्ट आहे. कधी ते हसत घरी येते, कधी पाठमोरे उभे राहते. कधी आपण वेळेवर पोहोचतो आणि त्याला वाचवतो. जाग आल्यावर मात्र तोच घाव नव्याने बसतो. अशा मृत्यूत "मला कसे कळले नाही?" हा प्रश्न दिवसा दाबून ठेवलेला असतो. रात्री तोच स्वप्नाचे रूप घेतो.

मनोविश्लेषक सिग्मंड फ्रॉईड यांचे वडील १८९६ साली वृद्धापकाळी वारले. अंत्यविधीच्या सुमारास त्यांना स्वप्नात एक पाटी दिसली. तीवर डोळे मिटण्याची विनंती होती. मागे राहिलेल्यांच्या मनात जो आत्मदोष दाटतो, त्याचेच हे स्वप्न, असे त्यांनी मित्राला कळविले. वृद्ध पित्याच्या नैसर्गिक मृत्यूनंतरही जर असे होते, तर तरुण मुलगा अकस्मात गमावलेल्या आईचे काय होत असेल?

म्हणून आमची विनंती अशी की, स्वप्न हा आरोप समजू नये. ज्यांना नारायणबळीसारख्या विधीने समाधान लाभते, त्यांच्या श्रद्धेविषयी आम्हांस आदरच आहे. मात्र अतृप्त आत्म्याच्या भयाने घरातील सून वा लेकरू दोषी ठरू नये. स्वप्न कोणाला तरी सांगावे. घरातील मुलांनाही ते बोलू द्यावे.

तेच भयस्वप्न वारंवार पडून झोप उडत असेल, तर त्यावर उपचार आहेत. जागेपणी त्या स्वप्नाचा शेवट बदलून लिहिण्याचा आणि तो मनात घोळवण्याचा सराव तज्ज्ञ करून घेतात. मात्र "मजकडे ये" अशी हाक ऐकू येऊन जावेसे वाटू लागले, तर त्या व्यक्तीस क्षणभरही एकटे सोडू नये. तत्काळ डॉक्टरांकडे आणावे. २०२२ पासून सुरू असलेल्या शासनाच्या 'टेली मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक अहोरात्र उपलब्ध आहे.

देणगीदारहो, यंत्राची किंमत पावतीवर लिहिता येते. शोकाकुल माणसाजवळ तासभर बसणाऱ्या समुपदेशकाचे मोल तसे मांडता येत नाही. पण त्याच्या वेतनाची तरतूद मात्र करावीच लागते. मृत्यूच्या नोंदीपाशी आमची फाईल बंद होते, त्या घराची रात्र तेथूनच सुरू होते. त्या रात्रीसाठी आपला हात पुढे यावा, हीच नम्र प्रार्थना.