ॲफिलिएट मार्केटिंग: पैसे कोण देतो आणि कशाचे?

(भोकर येथे तरुणांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे, मार्केटिंगवाला नाही. तरी मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच असतो: "भाई, ॲफिलिएट सुरू करायचंय, कोणता प्रोग्राम घेऊ?" विचारणाऱ्याचं बी.ए. किंवा बी.कॉम. झालेलं असतं, भरतीचं वय निघत चाललेलं असतं. नांदेडला किंवा हैदराबादला नोकरी मिळते, पण निम्मा पगार खोलीच्या भाड्यात जातो. घरबसल्या चार पैसे मिळत असतील तर कोणाला नको आहेत? म्हणून आज फक्त या एका प्रश्नावर बोलतो.

हा धंदा तुम्हाला नवा वाटतो, पण तुमच्या आजोबांना तो माहीत होता. मोंढ्यात शेतकरी कापूस, सोयाबीन घेऊन येतो, आडत्या त्याची गाठ खरेदीदाराशी घालून देतो आणि आडत घेतो. माल त्याचा नसतो, त्याच्याकडे असतो तो दोन्ही बाजूंचा विश्वास. ॲफिलिएट म्हणजे ऑनलाइन आडत. कंपनी तुम्हाला एक लिंक देते, तिच्यात तुमची खूण असते. त्या लिंकवरून कोणी वस्तू घेतली की कंपनी ठरलेले टक्के तुम्हाला देते. गिऱ्हाइकाला त्यासाठी जादा पैसे पडत नाहीत. ॲमेझॉनने हे 1996 मध्ये सुरू केलं, तेव्हा ती फक्त पुस्तकं विकायची.

आता पहिली पारख. ॲमेझॉन असो, फ्लिपकार्ट असो, खरा प्रोग्राम सामील व्हायचे पैसे मागत नाही. का मागेल? तुम्ही त्याचा माल विकून देणार आहात. पण तुमच्यातल्या काहींच्या फोनवर वेगळाच मेसेज आलेला आहे: आठ-दहा हजारांचं पॅकेज घ्या, त्यात कोर्स मिळेल, मग तेच पॅकेज पुढच्याला विका आणि निम्म्याहून जास्त कमिशन मिळवा. इथे विचारा, शेवटी पैसे कोण देतो? वस्तू वापरणारं गिऱ्हाईक कुठेच नाही. मागून येणारा मुलगाच पुढच्याचं कमिशन भरतो. प्रत्येकाने तिघं आणायचे म्हटलं, तर दहाव्या पायरीला 59,049 नवी मुलं लागतात. भोकरमधून कुठून आणणार?

आपल्याकडे हे आधी होऊन गेलं आहे. 2011 च्या सुमारास स्पीक एशियाचं प्रकरण गाजलं. 11,000 रुपये भरा आणि ऑनलाइन सर्व्हे भरून कमवा, असा तो प्रकार होता. 2014 मध्ये नाशिकची केबीसी मल्टिट्रेड बुडाली, तिच्यात मराठवाड्यातल्या लोकांचेही पैसे अडकले. असल्या साखळीला 1978 च्या कायद्याने बंदी आहे, आणि 2021 च्या डायरेक्ट सेलिंग नियमांनीही पिरॅमिड योजना चालवायला मनाई केली आहे. पण कायदा नंतर येतो. आधी येते ती खाला, जिने तुमच्या शब्दावर पैसे भरलेले असतात. कंपनीवाल्याचा नंबर बंद होतो. तुमचं घर मात्र त्याच गल्लीत असतं, आणि जुम्याला तीच माणसं भेटतात.

बरं, खरा प्रोग्राम सापडला. तिथे मुलं फक्त टक्के बघतात. टक्क्यांपेक्षा अटी वाचा. ॲमेझॉनवर क्लिक केल्यानंतर तुमची खूण साधारण 24 तास टिकते. त्या वेळात वस्तू कार्टमध्ये टाकली तर मुदत वाढते, नाहीतर परवा घेतलेल्या वस्तूवर तुमचा हक्क नाही. वस्तू परत गेली की कमिशनही जातं. पैसे महिना संपल्यावर जवळपास 60 दिवसांनी येतात, तेव्हा या महिन्याचं लाइट बिल त्यावर सोडू नका. पहिल्या 180 दिवसांत तीन विक्री झाल्या नाहीत तर खातं बंद होतं. आणि या तीन विक्री भरायला अम्मीच्या फोनवरून स्वतःच ऑर्डर देऊ नका, स्वतःच्या लिंकवरून स्वतःसाठी खरेदी चालत नाही.

अर्नकरो, क्यूलिंक्ससारखे मध्यस्थही आहेत. एका खात्यावर अनेक दुकानांच्या लिंक मिळतात, ते आपला वाटा ठेवून उरलेलं तुम्हाला देतात. वेबसाइट किंवा चॅनल नसलेल्याने सुरुवात इथून करायला हरकत नाही, असं माझं मत आहे.

पण विकायचं काय? मोबाइल नको. त्यावर दर कमी, आणि त्याबद्दल हिंदीत हजारो लोक बोलतात. तीन वर्षं पोलीस भरतीची तयारी केलेल्या मुलाला कोणतं पुस्तक कामाचं आणि कोणतं नुसतं जाड, हे चांगलं कळतं. शिवणकाम करणाऱ्या बहिणीला कोणती मशीन पिकोला टिकते ते कळतं. फवारणी पंप दुरुस्त करणाऱ्याला कोणती बॅटरी हंगामभर चालत नाही ते माहीत असतं. हे मराठीत सांगणारे फार थोडे आहेत. जे हाताळलं आहे, तेच ज्या प्रोग्राममध्ये आहे, तो प्रोग्राम तुमचा.

हिशोबही करून ठेवा. समजा 300 रुपयांचं पुस्तक, 5 टक्के कमिशन, म्हणजे 15 रुपये. महिन्याला 3,000 हवे असतील तर 200 पुस्तकं जायला हवीत. शंभर जणांनी लिंक उघडली आणि दोघांनीच घेतलं, तर 10,000 जणांनी लिंक उघडायला हवी. पहिल्या वर्षी हे होईलच असं नाही. म्हणून नोकरी, भरतीचा अभ्यास सोडून हे करू नका. त्याच्या शेजारी करा.

सगळ्यात जास्त कमिशन कुठे असतं, तर जुगारात आणि कर्जात. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर ऑगस्ट 2025 च्या कायद्याने बंदी आली, आणि त्यांची जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, 50 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. टेलिग्रामवरची तुमची लिंकही जाहिरातच आहे. जुगार हराम आहे हे इथे कोणाला सांगायची गरज नाही, पण "मी खेळत नाही, फक्त लिंक टाकतो" असं म्हणणारी मुलं मला भेटली आहेत. झटपट कर्जाच्या ॲपचंही तसंच. तुम्हाला कमिशन एकदा मिळतं, शेजारी व्याजाचे हप्ते भरत राहतो.

लिंक टाकताना ती कमिशनची आहे हे लिहा. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने जानेवारी 2023 मध्ये हे स्पष्ट केलं आहे, आणि ज्या भाषेत शिफारस त्याच भाषेत लिहायचं आहे. "या लिंकवरून घेतल्यास मला कमिशन मिळतं" एवढं पुरे. वस्तूतला ऐबही सांगा. आडत्याने भिजलेला कापूस कोरडा म्हणून एकदा खपवला, की दुसऱ्या वर्षी त्याच्याकडे गाडी थांबत नाही.

शेवटी कागदपत्रं. पॅन कार्ड आणि बँक खातं स्वतःच्या नावाचं हवं. वर्षाचं कमिशन 20,000 रुपयांच्या वर गेलं की 2 टक्के टीडीएस कापतात, आणि पॅन दिलेला नसेल तर 20 टक्के. बहिणींनो, काम तुम्ही करणार आणि खातं भावाच्या नावावर, असं करू नका. भाऊ चांगला असेल, पण कंपनीच्या लेखी कमाई त्याची दिसते.

मी लॅपटॉप आणला आहे. ज्यांच्याकडे पॅकेजचा मेसेज आलाय, त्यांनी थांबा. त्याच्या अटी आपण इथेच बसून वाचू.